सुखदेव, तो ड्रायव्हर मी बदलला होता

तू गेलास त्याला आज अकरा दिवस झाले. जलदानविधी आटोपल्यावर विहारात शोकसभा झाली आणि तिथं मी दहा मिनिटं बोललो. माझं बोलणं मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण मी शाळेतला मास्तर, त्यात तुझा पहिलीपासूनचा सोबती. चांगलं बोललो. तुझा प्रामाणिकपणा, तुझा स्थिर हात, सोल्डरिंग करताना जीभ दातांत धरायची तुझी सवय, सगळं सांगितलं. "काम करावं तर सुखदेवसारखं," असं म्हणालो तेव्हा मागं कुणाला तरी हुंदका आला. खाली बसल्यावर मी मान वर केली नाही. लोकांना वाटलं, सरांना दुःख झालंय. दुःख होतंच, पण मान त्यानं खाली नव्हती.

जे एक वाक्य बोलायला हवं होतं ते सोडून मी बाकी सगळं बोललो. ते इथं लिहितो. शाळेच्या फिश टँकवरच्या दिव्याला तू लावलेला ड्रायव्हर, त्याला वीज पुरवणारा तो भाग, मी काढला आणि त्या जागी दुसरा मी लावला. शिपाई गजाननभाऊंना शॉक बसला तो तुझ्या कामामुळं नाही, माझ्या कामामुळं.

तुला हे ठाऊक होतं. पण मी ते तुझ्यापुढं कधी तोंडानं म्हटलं नाही, म्हणून आता पहिल्यापासून म्हणतो.

जानेफळच्या शाळेत आपण दहावीपर्यंत एका बाकावर. पुढं मी शिकून त्याच शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवायला लागलो आणि तू आयटीआय करून स्टँडजवळ दुकान टाकलंस. मिक्सर, पंखे, मोटारी, घरांची वायरिंग. चारचौघांत तू मला "सर" म्हणायचास, अहो-जाहो करायचास. मी एकदा वैतागलो तर म्हणालास, "पोरायसमोर मास्तरले बे म्हनलं, तं पोरं उद्या तुले काय म्हनतीन?" दुकानात पाऊल टाकलं की मात्र "ये बे, बस बे, आज काय काढलं बे." त्या "बे"साठी मी कधी कधी काम नसतानाही यायचो. बायकोला सांगायचो, इस्त्री दाखवायची आहे.

टाकीचं खूळ माझंच. आरोग्य केंद्रातून डासांसाठी गप्पी मासे वाटले होते. त्यातले मूठभर मी शाळेत आणले, काचेची चार फुटी टाकी मिळवून हॉलमध्ये ठेवली, तळाशी वाळू आणि लांब पानांची पाणवनस्पती लावली. झाडं पिवळी पडायला लागली तेव्हा कळलं की उजेड कमी पडतोय. तयार दिवा विकत मिळत होता. पण भौतिकशास्त्राच्या मास्तरानं विकतचा दिवा आणायचा म्हणजे हलवायानं शेजाऱ्याकडून पेढे आणावेत तसं झालं. मी ठरवलं, आपण बनवायचा. आपण म्हणजे तू.

तीन-तीन वॉटचे दहा एलईडी, एकामागं एक माळेत जोडलेले, ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर बसवलेले. इथपर्यंत आपलं एकमत. भांडण सुरू झालं ते त्यांना वीज कशातून द्यायची यावर. मी वहीत गणित करून आणलं होतं. सीसीटीव्हीचा बारा व्होल्टचा ॲडाप्टर घ्यायचा, तीन-तीन एलईडीच्या माळा करायच्या, प्रत्येकीला एक रेझिस्टर. गणित बिनचूक होतं. अजूनही आहे. तू वही उलटी करून ठेवलीस आणि त्यावर चहाचा पेला ठेवलास.

"ॲडाप्टर म्हंजे पंगतीतला वाढपी हाये," तू म्हणालास. "ज्यानं जेवढं मागितलं तेवढं वाढते. एलईडी तापला का त्याची भूक वाढते. मंग हा अजून वाढते, मंग तो अजून तापते. ड्रायव्हर तसा नाही. तो वाटीनं मोजून देते. तू कितीबी तोंड वासून बस, त्याची वाटी तेवढीच."

"रेझिस्टर आहे ना आवरायला," मी म्हटलं.

"दहा एलईडी, तीन-तीनच्या माळा. एक उरला. त्याले काय उपाशी ठेवतं का बे?"

मला तो दहावा एलईडी सुचलाच नव्हता. मी म्हणालो, मग नऊच लावू. तू इतका हसलास की समोरचं गिऱ्हाईक काय झालं म्हणून आत डोकावलं. पुढं कित्येक महिने मी दुकानात आलो की तू विचारायचास, "दहाव्याचं जेवन झालं का बे?"

मग जाळीच्या डब्यातला मोठा पॉवर सप्लाय निघाला, तो मला पसंत होता. तू नाही म्हणालास, कारण टाकीच्या वाफेनं आत ओल धरते आणि शाळेत पाली फार. जाळीतून पाल आत जाते, दोन ठिकाणी टेकते आणि पालीसकट सप्लाय जातो, असे तीन तू उघडले होतेस म्हणे. शेवटी तू अकोल्याहून बंद डबीचा, रबरासारखा लगदा भरलेला ड्रायव्हर मागवलास. त्याच्याबरोबर तसाच दिसणारा दुसरा माझ्यापुढं ठेवलास आणि विचारलंस, फरक सांग. मी दोन्हींवरचे आकडे वाचले. करंट सारखा, व्होल्टेज सारखं. फरक नाही म्हणालो.

"आकडे वाचतं तू. आत पाह्य," तू म्हणालास. "याच्यात मधात ट्रान्सफॉर्मर हाये. लाइनची बाजू येगळी, दिव्याची येगळी. दोघींची भेटच नाही. त्याच्यात लाइन कुठून तरी दिव्यापर्यंत पोचतेच. छताले लाव, काही होत नाही. पान्यावर नाही लावायचा. कोनाच्याबी सांगन्यावरून नाही."

हे तू मला सांगितलं होतंस. समोर बसवून, दोन्ही हातांत दोन ड्रायव्हर धरून सांगितलं होतंस. म्हणून मला असं म्हणायची सोय नाही की मला माहीत नव्हतं.

करंटवरूनही आपलं जमलं नाही. एलईडी सातशे मिलीअँपिअरचे, तू ड्रायव्हर लावलास साडेतीनशेचा. मी म्हटलं, अर्ध्या ताकदीवर कशाला चालवतोस, झाडांना उजेड पाहिजे. तू म्हणालास, अर्ध्यावर चालवलेला दिवा दहा वर्षं जाईल आणि जास्त उजेड दिला तर झाडाआधी शेवाळ वाढेल. मी म्हटलं, निदान पाचशे. तू म्हणालास, आधी एक वर्ष पाहू, मग भांडू. ते भांडण राहूनच गेलं. झाडं मात्र तुझ्या साडेतीनशेवर हिरवीगार झाली होती, एवढं सांगतो.

दिवा बसवला त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त आठवतं. पूर्ण एक दिवस तू तो दुकानात पेटता ठेवला होतास. शाळेत आणून लावल्यावर मीटर लावलास, टेस्टर लावलास, सगळं शून्य. तरी चपला काढल्यास, बाही वर केलीस आणि दिवा चालू असताना हात कोपरापर्यंत पाण्यात घातलास, दुसरा हात ॲल्युमिनियमच्या पट्टीवर. गप्पी तुझ्या बोटांना येऊन टोचत होते.

"मीटर शून्य दाखवतंय ना?" मी म्हटलं.

"मीटर मले सांगते. मासोळीले कोन सांगन?" तू म्हणालास. "पान्याचं काम असलं का आधी माहा हात. मंग बाकीच्यायचा."

मी स्टाफरूममध्ये तुझी नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. हेही लिहून ठेवतो.

नंतर सात-आठ महिन्यांनी तू भाचीच्या लग्नाला बीबी गावाला गेला होतास. आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन दोन दिवसांवर आलेलं आणि सकाळी पाहतो तर टाकीचा दिवा बंद. तुला फोन केला असता तर तू मांडवातूनसुद्धा सांगितलं असतंस काय बघायचं ते. मी फोन केला नाही. तुझ्याशिवाय जमतं हे दाखवायचं होतं मला. कुणाला, ते आता आठवत नाही. बहुतेक मलाच.

वर्गातला एक एलईडी दिवा बंद पडून कोपऱ्यात होता. मी त्याचा ड्रायव्हर काढला. वरचे आकडे वाचले. तीनशे मिलीअँपिअर, तीस ते चाळीस व्होल्ट. अकरावीचा वर्ग भोवती उभा केला आणि शिकवलं, पाहा, करंट जवळपास तोच, व्होल्टेज तेच, म्हणजे दिवा लागणार. लावला आणि लागला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुझा ड्रायव्हर मी प्रयोगशाळेच्या कपाटात टाकला आणि मनात म्हटलं, सुखदेव उगाच बाऊ करतो.

तुझं ते हात घालणं मला त्या क्षणी आठवलं होतं. अगदी स्पष्ट आठवलं होतं. मी हात घातला नाही. वर्ग बघत होता आणि बाही वर करून पाण्यात हात घालणं मला मास्तरला शोभेल असं वाटलं नाही. खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. म्हणजे कुठंतरी मला ठाऊक होतं, आणि तरी मी दिवा तसाच चालू ठेवून तासाला गेलो.

दुपारी गजाननभाऊ काच पुसायला आले. माणूस इतका टापटिपीचा की फळासुद्धा दोनदा पुसणार. अनवाणी, ओली फरशी, ओलं फडकं. झाकण बाजूला करायला त्यांनी पट्टीला हात लावला आणि मागच्या बाकावर जाऊन आदळले. दंडाचं हाड मोडलं. जीव वाचला तो फेकले गेले म्हणून. चिकटले असते तर मी आज हे लिहीत नसतो. कुठं असतो कोण जाणे.

तुला मुख्याध्यापकांनी फोन केला. तू बीबीहून तसाच निघून आलास, शर्टावर हळदीचा डाग होता. हॉलमध्ये आम्ही सगळे, दारात मुलं. तू आधी प्लग काढलास, मग चष्मा लावून पट्टीवरची, ड्रायव्हर ठेवलेली डबी उघडलीस. आत पाहिलंस. मान वर करून माझ्याकडं पाहिलंस. माझ्या बोटांना खडू लागलेला होता, तो मी चोळत होतो.

"काय झालं हे?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"लाइन बाहेर आली, साहेब."

"कुणाच्या चुकीनं?"

स्क्रू हातात धरून थांबलास. तू मला वेळ देत होतास, सुखदेव. मला तो कळत होता. मी टाकीकडं पाहिलं. मासे नेहमीसारखे फिरत होते. एवढा वेळ गेला की दारातल्या मुलांची चुळबुळ सुरू झाली, आणि मग तू म्हणालास, "काम माहं हाये. जबाबदारी माही." ड्रायव्हर काढून खिशात घातलास आणि डबी बंद केलीस. जाताना मला म्हणालास, "येतो, सर."

तू मला वाचवलंस की मी स्वतः बोलायला येईन याची वाट पाहत राहिलास, हे मला अजून सांगता येत नाही. मी आलो नाही एवढं खरं.

शाळेनं तुला कामं देणं बंद केलं. शाळेनं बंद केलं म्हणून पतसंस्थेनं, मग घरांनी. "पान्यात करंट सोडनारा सुखदेव" असं लोक हसत म्हणायचे. तुझ्या जागी दुसऱ्या कुणाचं नाव असतं तर लोकांनी आधी दोन प्रश्न विचारले असते. तू बौद्धवाड्यातला, म्हणून कुणी एकही विचारला नाही, मला ड्रायव्हर लावताना पाहिलेल्या अकरावीच्या मुलांनाही नाही. हे मला दिसत होतं आणि त्या न विचारण्यातच माझी सोय होती. त्या वर्षी माझं उपमुख्याध्यापकपद ठरायचं होतं. मिळालं. तू सगळ्यांसारखा येऊन हार घालून गेलास.

दोन महिन्यांनी मी धीर करून दुकानात आलो. आत कुणी नव्हतं. तू स्टूल पुढं केलंस आणि म्हणालास, "बसा, सर."

मी चहा प्यालो, फ्यूजबद्दल काहीतरी बोललो, निघालो. त्यानंतर दोन वर्षांत मी किती वेळा आलो असेन. दर वेळी शटरच्या आत पाऊल टाकताना कान टवकारायचो. तू कधी रागावून बोलला नाहीस, कधी टाळलं नाहीस, माझी इस्त्री दोनदा दुरुस्त करून दिलीस. पण "बे" पुन्हा आलं नाही. दहाव्या एलईडीचं जेवणही तू पुन्हा विचारलं नाहीस.

गेल्या महिन्यात तू आपणहून विचारलंस, "टाकीचं काय केलं, सर?" मी म्हटलं, रिकामी करून स्टोअरमध्ये ठेवली. "तो जुना ड्रायव्हर फेकला नसन तं एकडाव त्याचा जोड पाहून घ्या," तू म्हणालास. मी हो म्हटलं आणि विसरलो. विसरलो म्हणजे बघायचं टाळलं.

शोकसभेनंतर वहिनी दारापर्यंत आल्या. पांढरं लुगडं, डोळे सुजलेले. मला म्हणाल्या, "लय चांगलं बोलले, सर. तुमचं लय नाव काढत होते ते. शाळेतलं ते एक त्यायच्या मनाले लागलं होतं. माही चूक झाली म्हनत, गजाननभाऊचा हात मोडला म्हनत." घरातसुद्धा तू तेच सांगितलं होतंस. मी वहिनींना नमस्कार केला आणि घरी येऊन जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. कपाट उघडलं. तुझा ड्रायव्हर मोडक्या होकायंत्रांखाली होता. जोड पाहिला. एक तार कनेक्टरमधून सुटलेली होती, फक्त तेवढंच. ती आत सारून स्क्रू आवळला. स्टोअरमधून दिवा आणला, धूळ पुसली, जोडला. दहाच्या दहा लागले. तुझा ड्रायव्हर गेलेलाच नव्हता. मी टाकी हॉलमध्ये ओढत आणली, बादलीनं भरली, दिवा वर टांगला, चपला काढल्या आणि बाही वर केली. हात पाण्याच्या वर कितीतरी वेळ तसाच धरला होता. मग घातला. काही झालं नाही. तुझं काम होतं, काय होणार होतं. मी तिथंच फरशीवर बसून रडलो, आणि रडताना आधी दार लावून आलो होतो, हेही तुला सांगतो.

परवा गजाननभाऊंना हॉलमध्ये बोलावून सगळं सांगितलं. ते उभेच राहिले. डाव्या हातानं उजवा दंड चोळत होते, थंडीत तो अजून दुखतो त्यांना. मला वाटलं, शिव्या देतील. मी तयार होतो. ते म्हणाले, "दोन वर्सं मी त्याच्या दुकानापुढून मान फिरवून गेलो, सर. मौतीलेबी गेलो नाही मी. त्याचं आता काय करू मी?"

मी म्हटलं, उद्या वहिनींकडं जातो, मग शाळेत सगळ्यांपुढं सांगतो. ते म्हणाले, "मीबी येतो. मले आत येऊ देतीन का, इचारा."

काल आम्ही दोघं गेलो. वहिनींनी दोघांनाही आत घेतलं, सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी मान खाली घालून सांगितलं. ड्रायव्हर, वर्ग, टाळ्या, तुझं थांबणं, माझं गप्प बसणं. काही गाळलं नाही. गजाननभाऊ रडत होते. वहिनी रडल्या नाहीत. तांब्या हातात धरून ऐकत राहिल्या आणि माझं संपल्यावर तो खाली ठेवला.

मला वाटलं होतं, त्या मला उठून जायला सांगतील, किंवा माफ करतील. मी दोन्हींची तयारी करून गेलो होतो. त्यांनी माझ्याबद्दल काहीच विचारलं नाही.

"तीस वर्सांत ते माह्याशी एकडाव खोटं बोलले नाही," त्या म्हणाल्या. "मंग हे काऊन बोलले, सर?"

मी त्यांना उद्या येऊन सांगतो असं म्हटलं आणि उठलो. आज तो उद्या आहे. सकाळपासून कागद घेऊन बसलोय. त्या वाट बघत असतील, सुखदेव. काय सांगू बे त्यांना?